जुन्या रायफलची दुर्बीण : मोल चकाकीचे की पुराव्याचे?

रत्नागिरीजवळच्या एका गावातले निवृत्त मुख्याध्यापक मागे एकदा एक लांबट पेटी घेऊन माझ्याकडे आले. पेटीत वितीपेक्षा थोडी मोठी पितळी दुर्बीण होती. गुरुजींचे चुलत आजोबा एका संस्थानच्या शिकारखात्यात नोकरीला होते. त्यांच्या मृत्यूनंतर रायफल रीतसर जमा झाली. घरात राहिली ती तिच्यावर बसणारी ही दुर्बीण आणि परवान्याचे जुने पुस्तक. “हिचे काय मोल होईल?” गुरुजींनी विचारले.

दुर्बीण लखलखत होती. माझ्याकडे आणण्यापूर्वी घरातल्यांनी ती आमसुलाने घासली होती आणि पोलादी कड्यावरचा गंज पॉलिश पेपरने काढला होता. हेतू चांगला, पण मला हळहळ वाटली. असे का, हे समजण्यासाठी आधी ही वस्तू काय आहे ते पाहू.

बंदूक आणि रायफल

रानडुकरांपासून शेत राखणारी ठासणीची बंदूक कोकणाला परिचित आहे. शस्त्र अधिनियम, १९५९ मध्येही पीकसंरक्षणासाठी अशा बंदुकीचा खास उल्लेख आहे. तिची नळी आतून गुळगुळीत असते. रायफलच्या नळीत मात्र मळसूत्रासारखे आटे असतात. त्यांमुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि फिरत्या भोवऱ्याप्रमाणे आपली दिशा टिकवते.

हे आटे किती पिळाचे असावेत, याचा पद्धतशीर अभ्यास इंग्लंडमध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी केला. स्क्रूच्या आट्यांचे प्रमाणीकरण करणारे व्हिटवर्थ ते हेच. १८५३ च्या एनफिल्ड रायफलमध्ये गोळी ७८ इंचांत एक फेरा घेई. व्हिटवर्थ यांनी षट्कोनी छिद्राची नळी करून तो फेरा २० इंचांत आणला. पल्ला इतका वाढला, की आता अडचण रायफलची नसून डोळ्याची होती. म्हणून व्हिटवर्थच्या काही रायफलींवर कुशीला दुर्बीण बसवण्यात आली. तिचे रचनाकार डेव्हिड डेव्हिडसन हे मुंबई इलाख्याच्या सैन्यातले अधिकारी होते. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) अशा रायफली वापरल्या गेल्या. आज संग्राहक त्यांना फार मोलाच्या मानतात.

दुर्बिणीतली फुली

साध्या रायफलवर नेम धरताना मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य अशा तीन वेगवेगळ्या अंतरांवरच्या गोष्टी एका रेषेत आणाव्या लागतात. डोळा एका वेळी एकाच अंतरावर स्पष्ट पाहू शकतो. दुर्बीण ही अडचण दूर करते. वस्तुभिंग लक्ष्याची वास्तव प्रतिमा नळीच्या आत तयार करते. त्याच प्रतलात बारीक तारांची फुली ताणून बसवतात. नेत्रिकेतून पाहिले की प्रतिमा आणि फुली दोन्ही एकाच वेळी स्पष्ट दिसतात. प्रतिमा उलटी असते, म्हणून ती सुलटी करण्यासाठी मध्ये आणखी भिंगे घालतात.

फुली नेमकी प्रतिमेच्या प्रतलात नसेल, तर डोळा हलवताच ती लक्ष्यावरून सरकताना दिसते. हा पराशय. जुन्या दुर्बिणीत तो फार आढळला, तर आतील भिंग कोणीतरी काढून पुन्हा बसवले असण्याची शंका घ्यावी.

काच काय सांगते?

साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के प्रकाश परावर्तित होतो. दहा पृष्ठभाग असतील तर पलीकडे जेमतेम दोन तृतीयांश प्रकाश पोहोचतो. भिंगावर योग्य जाडीचा अतिशय पातळ थर दिल्यास हे परावर्तन कमी होते. ही पद्धत झाइस कंपनीतील अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये शोधली. तिचा प्रसार दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आणि त्यानंतर झाला.

त्यामुळे एक सोपी परीक्षा करता येते. भिंगात दिव्याचे प्रतिबिंब पाहावे. ते पांढरे दिसले तर काच बहुधा विनालेपाची. निळसर-जांभळे दिसले तर लेप दिलेली, म्हणजे १९३५ नंतरची. ‘१९१० सालची’ म्हणून दाखवलेल्या दुर्बिणीत जांभळी झाक दिसली, तर भिंग तरी बदलले आहे किंवा सांगणारा तरी चुकतो आहे.

जोडभिंगे पूर्वी कॅनडा बाल्समने चिकटवत. ते कालांतराने पिवळे पडते, कडेने सुटते आणि तेथे इंद्रधनुषी वलये दिसतात. आपल्या कोकणात आणखी एक शत्रू आहे, तो म्हणजे बुरशी. दमट हवेत ती भिंगावर कोळ्याच्या जाळ्यासारखी पसरते आणि तिच्या आम्लांनी काचेवर कायमचे चरे पडतात. खारा वारा पोलाद गंजवतो. चामड्याच्या पेटीत ठेवलेल्या पितळेवर हिरवा थर चढतो. म्हणून अशी वस्तू चामड्यात न ठेवता सिलिका जेलच्या पुड्यांसह कोरड्या डब्यात ठेवावी आणि भिंगे स्वतः उघडू नयेत.

मोल कशावर ठरते?

दुर्मिळता, अवस्था, मूळपणा आणि इतिहासाचा पुरावा या चार गोष्टींवर. यांपैकी शेवटच्या दोन सर्वांत नाजूक. ब्रिटिश ‘नंबर ४ (टी)’ या दुसऱ्या महायुद्धातील रायफलचे उदाहरण घ्या. तिच्या दस्त्यावर दुर्बिणीचा क्रमांक ठोकलेला असे आणि दुर्बिणीच्या पकडीवर रायफलचा. दोन्ही जुळले, तर जोडीचे मोल सुट्या भागांच्या बेरजेपेक्षा कितीतरी अधिक होते. उलट नंतर पाडलेले एखादे छिद्र, खरवडलेली स्क्रूची खाच किंवा नव्याने दिलेला काळा रंग हे मोल उतरवतात. जुना लेप व डाग म्हणजे मळ नव्हे, ती वस्तूची नोंदवही आहे.

कायदाही लक्षात ठेवावा. जुनी म्हणून रायफल परवान्यातून सुटत नाही. दुरुस्त करूनही जिचा शस्त्र म्हणून वापर होऊ शकत नाही, अशाच पुरातन शस्त्राला सूट आहे. शंभर वर्षांवरील वस्तूंना पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होऊ शकतो. त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. म्हणून विक्रीचा विचार करण्यापूर्वी जिल्हाधिकारी कार्यालयात चौकशी करावी.

आता गुरुजींच्या दुर्बिणीकडे येऊ. कड्यावर रायफलचा क्रमांक ठोकलेला होता, पण घासल्यामुळे तो दिसेनासा झाला होता. आम्ही खोलीत अंधार केला आणि टॉर्च पृष्ठभागाशी जवळजवळ समांतर धरला. पौर्णिमेला न दिसणारी चंद्रावरची विवरे अष्टमीला तिरप्या उन्हात उठून दिसतात, तसे अंक सावल्यांतून वर आले. एक वगळता सर्व अंक परवान्याच्या पुस्तकाशी जुळले. तो एक अंक मात्र पॉलिश पेपरबरोबर गेला. किंमत मी सांगितली नाही; ते काम जाणकार मूल्यमापकाचे. पुस्तक आणि दुर्बीण कधीही वेगळी करू नका, एवढेच सांगितले.

वर्गात करून पाहा

यासाठी रायफलची मुळीच गरज नाही. ३० सेंमी व ५ सेंमी नाभीय अंतराची दोन बहिर्गोल भिंगे पुठ्ठ्याच्या नळीत ३५ सेंमी अंतरावर बसवा. नेत्रिकेपासून ५ सेंमीवर दोन केसांची फुली ताणा. डोळा हलवून पराशय तपासा आणि फुली मागेपुढे करून तो घालवा. मग नळी उजळ आकाशाकडे धरा (सूर्याकडे कदापि नको) आणि नेत्रिकेमागे सुमारे ६ सेंमीवर कागद धरा. कागदावर एक लहान तेजस्वी वर्तुळ दिसेल. वस्तुभिंगाच्या व्यासाला या वर्तुळाच्या व्यासाने भागले की दुर्बिणीचे वर्धन मिळते. येथे ते ६ यायला हवे. डोळाही याच जागी ठेवायचा असतो. रायफलच्या दुर्बिणीत हे अंतर मुद्दाम अधिक ठेवतात, नाहीतर रायफलच्या धक्क्याने नेत्रिका भुवईवर आदळेल.

कोणतीही जुनी दुर्बीण न उघडता, न घासता तिचे वर्धन मोजण्याची रीत हीच. गुरुजींनी पुढच्या वेळी येताना आपल्या जुन्या शाळेतली आठ मुले बरोबर आणली, आणि या वेळी दुर्बिणीला कोणी आमसूल लावले नव्हते.