ऑर्डर रद्द केली, पण खरेच रद्द झाली का?

व्यापारी बंधूंनो, मालेगावला फोनवर ऑर्डर सांगायची आणि माल येईपर्यंत दुसरे गिऱ्हाईक पाहायचे, ही आपली रोजची रीत. संगणकातही हीच रीत चालते.

मोठ्या संस्थेत माणसांची नावे, खाती व फोन नंबर ज्या नोंदवहीत ठेवतात तिला डिरेक्टरी म्हणतात. तिच्याशी बोलण्याची ‘एलडॅप’ ही पद्धत १९९० च्या दशकात अमेरिकेतील मिशिगन विद्यापीठात आकाराला आली. सी भाषेतला प्रोग्राम तिच्याकडे शोधाची मागणी पाठवतो, लगेच एक नंबर घेतो आणि आपल्या कामाला लागतो. उत्तर नंतर त्या नंबरावर येते. हा नंबर म्हणजे आपली ऑर्डरची पावतीच.

आता मागणी नको झाली तर? ‘अबँडन’ हे फंक्शन तो नंबर घेऊन सर्व्हरला ‘राहू दे’ असे कळवते. पण सर्व्हर त्याला उत्तर देत नाही. फंक्शनने ‘यश’ सांगितले, तरी त्याचा अर्थ निरोप निघाला एवढाच. शोध चालू असेल तर सर्व्हरने नोंदी पाठवणे थांबवावे, असा नियम आहे. मात्र नोंद बदलण्याचे किंवा खोडण्याचे काम निरोप पोहोचण्याआधीच पुरे झाले असेल, तर ते उलटत नाही.

आम्ही एकदा चाळीस साड्यांची ऑर्डर रद्द करण्याचा निरोप पेढीवरच्या पोऱ्याकडे ठेवला आणि निश्चिंत झालो. तिसऱ्या दिवशी गठ्ठा दारात! माल विणून झाला होता. बिल आम्हालाच भरावे लागले.

ही अडचण ओळखून २००४ साली ‘कॅन्सल’ ही वेगळी सोय ठरवली गेली. तिच्यात सर्व्हरला जबाब द्यावा लागतो: रद्द झाले, अशी मागणीच नाही, उशीर झाला, किंवा रद्द करता येत नाही. ही सोय प्रत्येक सर्व्हरवर असतेच असे नाही, म्हणून आधी पाहून घ्यावे.

तेव्हा आपल्या हिशेबाचा प्रोग्राम बनवून घेताना कारागिराला दोन गोष्टी सांगा. नुसता शोध सोडायचा असेल तर ‘अबँडन’ पुरे. नोंद बदलायची मागणी मागे घ्यायची असेल, तर जबाब घ्यावा आणि नोंद पुन्हा उघडून पाहावी. निरोप पाठवला म्हणजे सौदा मोडला, असे धरू नये.