माकुलाची भावकी

रविवारी सकाळी साडेसातला डोंबिवली पश्चिमेच्या मच्छी बाजारात दहावीची नऊ मुलं माझ्या मागून चालत होती. हातात वही, पायात घरातल्या जुन्या चपला. दोघांनी नाकाला रुमाल लावला होता, कारण त्यांच्या घरी मासळी कधी शिजलेलीच नाही. 'प्राण्यांचे वर्गीकरण' हा धडा मी हल्ली इथूनच सुरू करते.

घरच्या शिकवणीत तो मी वर्षानुवर्षं पाठांतरानं घेतला. पायऱ्यांचा क्रम राहावा म्हणून मुलांना एक वाक्य करून दिलं होतं: सुलू, संध्या, वनिता गच्चीवर कुरडया पसरायला जातात. म्हणजे सृष्टी, संघ, वर्ग, गण, कुल, प्रजाती, जाती. ते वाक्य मी सोडलेलं नाही. ऐन पेपरात ते कामाला येतं. पण त्यानं क्रम राहतो, अर्थ राहत नाही. वर्तमानपत्रात 'दुर्मीळ प्रजाती सापडली' असं छापून येतं, तिथे बहुतेक वेळा पुस्तकातली 'जाती' म्हणायची असते. मूल दोन्ही वाचतं आणि पेपरात उलटं लिहून येतं. त्यावर मला हजेरीपट सापडला. शेकरूचं शास्त्रीय नाव रॅटुफा इंडिका. रॅटुफा हे आडनाव, ती प्रजाती. पुढे इंडिका जोडलं की त्या घरातलं नेमकं कोण ते कळतं, ती जाती. हजेरीपटासारखं आडनाव आधी. एवढं सांगितल्यावर पुन्हा कुणी चुकलेलं मला आठवत नाही.

संघांची नावं जास्त छळतात. माझ्याकडची बहुतेक मुलं सेमी इंग्रजीची. एकायनोडर्माटा, प्लॅटिहेल्मिंथिस ही अक्षरं ती दहा-दहा वेळा लिहून काढतात आणि आठवड्यात विसरतात. मी शेजारी मराठी नाव लिहायला लावते: कंटकचर्मी, चपटे कृमी. ग्रीकमध्ये एकायनोडर्माटाचा अर्थही काटेरी कातडीचे असाच आहे, पण डोंबिवलीच्या मुलाला ग्रीक कुठून येणार? संधिपाद म्हणजे सांधे असलेले पाय. रंध्रीय म्हणजे अंगाला भोकं असलेले. व्याख्या नावातच आहे. विज्ञान इंग्रजीतून घेताना ही नावं मुलांच्या हातून गेली, हे मला फार मोठं नुकसान वाटतं.

बाजारात आमच्या ठरलेल्या मावशी आहेत. त्यांची बोहनी होईपर्यंत आम्ही टोपलीला हात लावत नाही. त्या दिवशी बोहनी झाल्यावर त्यांनी आधी खेकडा उचलला आणि एक नांगी मोडून एका मुलाच्या तळहातावर ठेवली. "बघ, कुठं मोडली?" नांगी सांध्यावरच मोडली होती. मग कोलंबी. तिचं कवच सोलताना बोटाखाली एकेक खंड वेगळा होतो, पाय सुटतात, प्रत्येक पायाला सांधे. मी विचारलं, असं कवच आणि असे पाय घरात कुणाचे पाहिलेत? रुमालवालीच म्हणाली, "टीचर, झुरळ!" नऊच्या नऊ जण किंचाळले. संधिपाद हा शब्द त्यानंतर कुणाला पाठ करावा लागला नाही. खेकड्याला नांग्या धरून पायांच्या पाच जोड्या, झुरळाला तीन. वर्ग वेगळे, संघ एक.

माकूल हातात घेतला की घसरतो. हाड नाही, काटा नाही. मावशींनी त्याच्या पोटातून पारदर्शक, प्लॅस्टिकच्या पिसासारखी एक पट्टी ओढून काढली. ती म्हणजे पूर्वजांच्या शिंपल्याची राहिलेली खूण. शेजारच्या वाट्यात तिसऱ्या होत्या, बाहेरून दगडासारख्या कडक. एकीचं तोंड उघडून आतला मऊ गोळा दाखवला आणि मग विचारलं, या दोघांचं नातं काय? बराच वेळ कुणी बोललं नाही. अशी शांतता मी मोडत नाही. शेवटी मागून एक जण हळूच म्हणाला, "मृदुकाय?" पुस्तकात तो शब्द त्यानं महिनाभर आधी वाचला होता.

मुशीची कातडी शेपटीकडून डोक्याकडे चोळली तर पॉलिश पेपरसारखी खरखरते. तिच्या कल्ल्यांच्या फटी उघड्या असतात. सुरमईच्या कल्ल्यांवर झाकण असतं. मुशीचा सांगाडा कूर्चेचा, सुरमईचा हाडांचा. दोन्ही मासेच, पण इथे वाट फुटते.

खरी कसोटी निवटीची. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला चिखलावर उड्या मारणारी ही निवटी मावशींच्या बादलीत जिवंत होती. पाण्याबाहेर राहते, कातडीतूनही श्वास घेते, परांवर रेटत चालते. सात जणांनी वहीत 'उभयचर' लिहिलं. मावशी हसल्या, "मासाच हाय तो." मी मुलांना पाय मोजायला सांगितलं. पाय नव्हतेच, पर होते. कल्लेही जन्मभर टिकणारे. बेडकाचे कल्ले बालपणी असतात, मग जातात. सातही जणांनी आपापलं उत्तर खोडलं, आणि ते खोडलेलं मला बरोबर उत्तराइतकंच मोलाचं वाटतं.

आपल्या भाषेनंही इथे चकवे ठेवले आहेत. तारामासा मासा नाही, देवमासाही नाही. खुद्द लिनिअसनं १७३५च्या पहिल्या आवृत्तीत देवमाशाला माशांतच बसवलं होतं. १७५८च्या दहाव्या आवृत्तीत त्यानं त्याला सस्तन प्राण्यांत नेलं. हे मी मुलांना मुद्दाम सांगते. हे कप्पे माणसांनी केले, आणि बारकाईनं पाहिल्यावर माणसांनीच बदलले.

पालकांना माझी एकच विनंती आहे. घरी कोलंबी आली की सोलायला मुलाला बसवा, अभ्यास बुडतो म्हणून उठवू नका. आणि मासळी आणत नसाल तर पावसाळ्यात गच्चीवरची कुंडी उचलून पाहा. खाली गोगलगाय असेल. तीही माकुलाच्याच भावकीतली.