पारा सावलीतला, माणूस उन्हातला

मे महिन्यात ‘चंद्रपूर ४५ अंश’ अशी बातमी येते, तेव्हा तो आकडा सावलीतला असतो. वेधशाळेचा तापमापक जमिनीपासून सव्वा ते दोन मीटर वर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेला असतो. वारा आत खेळावा पण ऊन थेट पडू नये, एवढ्यासाठीच ती पेटी. हवा किती तापली हे कळायला ही पद्धत योग्यच आहे. पण त्याच दुपारी रस्त्यावर डांबराची खडी पसरणाऱ्या बिगाऱ्याला काय सोसावं लागतं, ते या आकड्यातून कळत नाही. त्याच्या डोक्यावर ऊन असतं, पायाशी शंभर अंशांहून कितीतरी गरम माल असतो, आणि भरीला त्याचं स्वतःचं शरीर उष्णता तयार करत असतं. स्नायू वापरतात त्या ऊर्जेचा जेमतेम पाचवा हिस्सा कामात उतरतो, बाकीची उष्णता होते. घमेली वाहणारा माणूस स्वस्थ बसलेल्या माणसाच्या साधारण चौपट उष्णता निर्माण करतो.

ती बाहेर टाकायची कशी? त्वचेचं तापमान ३५ अंशांच्या आसपास असतं. हवा त्याहून गरम झाली की वारासुद्धा अंगाला उष्णताच देतो. मग भिस्त एकट्या घामावर. एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. मात्र तो वाळला पाहिजे. निथळून जमिनीवर पडलेल्या घामाचा काही उपयोग नाही.

हा सगळा हिशेब एका आकड्यात बसवण्याचं काम १९५० च्या दशकात अमेरिकी मरीन दलासाठी झालं. पॅरिस आयलंडच्या प्रशिक्षण तळावर नवे रंगरूट उन्हाने कोसळत होते. तेव्हा ठरलेलं माप म्हणजे ‘वेट बल्ब ग्लोब टेंपरेचर’. त्यात ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या तापमापकाला ७० टक्के वजन, उन्हात टांगलेल्या काळ्या पोकळ गोळ्यातल्या तापमापकाला २० टक्के, आणि नेहमीच्या कोरड्या तापमापकाला फक्त १० टक्के. म्हणजे आपण ज्या आकड्याची चर्चा करतो, त्याला इथे सर्वांत कमी महत्त्व.

उदाहरणच घेऊ. नागपुरात कोरडा तापमापक ४३, ओला २५ आणि काळा गोळा ५८ दाखवत असेल, तर हे माप ३३.४ येतं. मुंबईत कोरडा ३४, ओला २८ आणि गोळा ५० असेल, तर ३३. ‘मुंबईत कुठे एवढं ऊन असतं’ असं म्हणणाऱ्यांनी हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. उन्हाची सवय असलेल्या कामगारानेही जड काम विश्रांतीशिवाय करत राहण्याची आंतरराष्ट्रीय मर्यादा सुमारे २६ आहे. आता नागपूरच्या त्याच माणसाला सावलीत आणा. काळा गोळा हवेइतकाच होतो आणि माप ३०.४ वर उतरतं. तीन अंश, तेही नुसत्या दाट सावलीने!

सवयीचाही विचार व्हायला हवा. शरीर उन्हाला सरावायला एक ते दोन आठवडे घेतं. त्या काळात घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, हृदयावरचा ताण उतरतो. म्हणून नव्या माणसाला पहिल्या दिवशी उन्हातलं काम पाचवा हिस्साच द्यावं आणि रोज तेवढंच वाढवत न्यावं, अशी अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थेची शिफारस आहे. आपल्याकडे नाक्यावरून उचललेला मजूर पहिल्याच सकाळी पूर्ण दिवसाच्या कामाला जुंपला जातो. गावी जाऊन आठ-पंधरा दिवसांनी परतलेल्याचीही सवय बरीचशी मोडलेली असते.

आणि इथेच प्रश्न विज्ञानातून मजुरीत शिरतो. उक्तं काम घेतलेला गवंडी किंवा टनावर मजुरी मिळणारा ऊसतोड कामगार सावलीत बसला, तर त्याचे पैसे बुडतात. दिवस चुकला तर मुकादम खाडा लावतो. स्वच्छतागृह नाही म्हणून बाया दिवसभर पाणीच कमी पितात. हे मला सगळ्यांत जास्त खुपतं. मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड कामगारांत तरुण वयात मूत्रपिंडं निकामी होण्याची साथच पसरली. उष्णता, अपुरं पाणी आणि अतोनात श्रम ही त्यामागची प्रमुख कारणं मानली जातात. एल साल्वादोरमध्ये त्यांना जवळ पाणी, हलवता येणारी सावली आणि ठरलेली विश्रांती देऊन पाहिलं. माणशी तोड घटली नाही, उलट वाढली. अर्थात सोबत सुधारलेला कोयताही दिला होता.

कतारने २०२१ मध्ये १ जून ते १५ सप्टेंबर या काळात सकाळी १० ते दुपारी साडेतीन उघड्यावरचं काम बंद केलं. शिवाय वर सांगितलेलं माप ३२.१ च्या पुढे गेलं, तर कुठल्याही वेळी काम थांबवण्याचा नियम केला. नागपूर आणि मुंबईची आपली दोन्ही उदाहरणं त्या रेषेच्या वर आहेत.

कपड्यांचं शहाणपण आपल्या बायकांकडे आधीपासून आहे. साडीवर नवऱ्याचा जुना लांब बाह्यांचा शर्ट घालून, डोकं बांधून त्या रानात उतरतात. सैल सुती कापड ऊन अडवतं आणि घाम वाळू देतं. अतिनील किरणांपैकी बराच भाग सावळ्या कातडीतलं मेलॅनिन थोपवतं, पण डोळ्यांना ते संरक्षण नाही. वर्षानुवर्षं उन्हात राबणाऱ्यांत मोतीबिंदू आणि बुबुळावर सरकणारा मांसल पडदा जास्त आढळतो. त्यासाठी रुंद काठाची टोपी हवी.

आणखी एक गोष्ट जिवाशी संबंधित आहे. उष्माघातात घाम थांबतोच असं नाही. काम करता करता कोसळलेल्याचं अंग ओलंही असू शकतं. माणूस असंबद्ध बोलू लागला, झोकांड्या खाऊ लागला, तर रुग्णवाहिका बोलवा आणि ती येईपर्यंत त्याला सावलीत नेऊन अंगावर गार पाणी ओतत राहा, वारा घाला. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नका.

तुमच्या घराचं किंवा सोसायटीचं काम या उन्हाळ्यात निघालं असेल, तर ठेकेदाराशी दर ठरवतानाच चार गोष्टी ठरवा. काम सकाळी लवकर सुरू व्हावं, भर दुपारी थांबावं, सावलीला नेट आणि हाताशी पाणी असावं, बायांना तुमचं स्वच्छतागृह वापरू द्यावं. आणि त्या विश्रांतीचे पैसे मजुरीतून कापू देऊ नका.