जिंकला तर जर्मन, हरला तर तुर्की

मेसुत ओझिलचा जन्म 1988 मध्ये जर्मनीतल्या गेल्सेनकिर्शनचा; कुटुंब मूळचं तुर्कस्तानातलं. 2014 चा फुटबॉल विश्वचषक जिंकणाऱ्या संघात तो होता, तेव्हा परके लोक कसे छान मिसळतात याचं उदाहरण म्हणून त्याचं कौतुक व्हायचं. (कौतुकातही तो परकाच!)

मे 2018 मध्ये त्यानं आणि सहकारी गुंडोआननं लंडनमध्ये तुर्की अध्यक्ष एर्दोआन यांच्यासोबत फोटो काढले. तुर्कस्तानातल्या निवडणुकीच्या तोंडावर तिथल्या नेत्याला खेळाडूंनी हातभार लावावा का, हा प्रश्न रास्तच होता. पण जूनमध्ये विश्वचषकात गतविजेता जर्मनी गटातच गारद झाला आणि प्रश्नाचा सूर पालटला. ओझिल राष्ट्रगीत का म्हणत नाही? खांदे पाडून का खेळतो? निष्ठा नेमकी कुठे? खेळ सगळ्याच संघाचा वाईट झाला होता. जाब मात्र तुर्की नावाला विचारला गेला.

पोलंडमध्ये जन्मलेल्या क्लोझ आणि पोडोल्स्की या जर्मन संघातल्या खेळाडूंना कुणी ‘जर्मन-पोलिश’ म्हणत नाही, मग मीच ‘जर्मन-तुर्की’ का, असं त्यानं 22 जुलैच्या निवेदनात विचारलं. त्याच निवेदनात त्यानं राष्ट्रीय संघ सोडला.