खोटा ठसा

आवृत्त्यांची वही : भाग ९

मागच्या आठवड्यात आपण मर्क्युरिअल या आवृत्त्या सांभाळणाऱ्या प्रणालीची कोठी आतून पाहिली. एका फाइलच्या सगळ्या आवृत्त्या एकामागे एक, बहुतेकींचे फक्त फरक लिहून ठेवलेले, आणि प्रत्येकीला २० बाइटचा ठसा. दोन पालक-आवृत्त्यांचे ठसे आणि मजकूर एकत्र घेऊन काढलेला एसएचए-१, म्हणजे हा ठसा. आज कोठी नीट चालते का हे तपासणाऱ्या चाचण्यांकडे वळू, आणि त्याहून जास्त, त्या चाचण्या तपासणाऱ्या माणसाकडे.

आमच्या धंद्यात एक खोड सर्रास दिसते. पॅच रिव्ह्यूला आला की मूळ कोडच्या ओळीओळीचा कीस पाडायचा, आणि चाचण्यांची फाइल आली की भराभर खाली सरकवत 'ठीक आहे' म्हणून मोकळं व्हायचं. मीही वर्षानुवर्षं हेच केलं. चाचण्या हिरव्या आहेत ना, मग झालं. ही चाचणी लाल कधी होईल, हे मात्र कुणी विचारत नाही.

२०१८ मध्ये मर्क्युरिअलमध्ये एक मोठं काम झालं. रेव्हलॉग या नेहमीच्या साठवण-पद्धतीऐवजी, उदाहरणार्थ, एसक्यूलाइटमध्येही आवृत्त्या ठेवता याव्यात, म्हणून फाइल-कोठीनं काय काय करायचं याचा करारच कोडमध्ये लिहून काढला गेला. त्या कराराच्या चाचण्याही वेगळ्या काढल्या. समोरची कोठी कुठल्या जातीची आहे हे चाचणीला ठाऊक नसतं. 'मला एक रिकामी फाइल करून दे' एवढंच ती म्हणते आणि कामाला लागते.

त्यातली एक चाचणी जवळून पाहू. पहिल्या आवृत्तीत 'फू' ही ओळ ३० वेळा. दुसरीत त्याखाली 'बार' अशी एक ओळ जास्त. दुसरी आवृत्ती मात्र पुढच्या दारानं आत जात नाही. पुढच्या दाराशी कोठी स्वतःच ठसा काढते, तिथून खोटं काही सरकवता येत नाही. म्हणून चाचणीला मागचं दार ठेवलंय: मजकूरही तुमचा, ठसाही तुमचा. इथे ठसा दिलाय २० च्या २० बाइट एकच, सोळा-आधारी लिहिलं तर 'एए एए एए' असा. मग कोठीला सांगायचं, ही आवृत्ती वाचून दाखव. तिनं मजकूर हातात ठेवला तर चाचणी नापास. तक्रार केली तर पास.

आणि लगोलग तोच प्रश्न पुन्हा. जशीच्या तशी ओळ. पहिल्यांदा वाचताना मला हे कॉपी-पेस्टचं उरलंसुरलं वाटलं होतं. नीट पाहिल्यावर कळलं की सगळी गंमत त्या दुसऱ्या ओळीत आहे. कोठी मजकूर जुळवते, पुन्हा लागेल म्हणून कॅशेमध्ये ठेवते, आणि ठसाही तपासते. यात आधी काय आणि नंतर काय? आधी कॅशे, मग तपासणी, असा क्रम पडला तर पहिल्या वेळी तक्रार येईल आणि दुसऱ्या वेळी खोटा मजकूर बिनबोभाट बाहेर पडेल. शेजारीच जवळजवळ तशीच आणखी एक चाचणी आहे, फक्त तिथे वाचण्याची दुसरी पद्धत आधी. एका पद्धतीनं भरलेला कॅशे दुसरीचा दोष झाकू नये म्हणून. ही पुनरावृत्ती 'साफसफाई' करून काढणारा रिव्ह्यूअर मला आजही कुठे ना कुठे भेटतो.

माझा स्वतःचा उपाय साधा आहे. ठसा तपासणारी ओळ कॉमेंट करायची आणि चाचण्या चालवायच्या. काहीच लाल झालं नाही, तर पॅच परत. एका जुन्या नोकरीत बॅकअप तपासणारी आमची चाचणी कित्येक महिने हिरवी होती. अपेक्षित चेकसम आणि मिळालेला चेकसम, दोन्ही एकाच फंक्शनमधून येत होते. फंक्शन चुकलं की दोन्ही बाजू सारख्याच चुकायच्या आणि गळ्यात गळा घालून पास व्हायच्या. रिव्ह्यू मीच केला होता. तेव्हापासून अपेक्षित उत्तर अक्षरशः लिहिलेलं असावं असा माझा हट्ट असतो. गिटमध्ये रिकाम्या फाइलचा एसएचए-१ ठसा 'ई६९डीई२९'नं सुरू होतो. तो असा हातानं लिहून ठेवता येतो.

पण उत्तर लिहिलेलं असलं तरी ते लिहिलं कुणी, हे पाहावं लागतं. मर्क्युरिअलच्या बऱ्याच चाचण्या म्हणजे टर्मिनलवरचा संवाद असतो: ही कमांड, त्याखाली हे उत्तर. उत्तर बदललं तर चाचणी चालवणारा प्रोग्रॅम, एका पर्यायासह चालवला असेल तर, विचारतो, नवं उत्तर मान्य आहे का? 'वाय' दाबलं की फाइल बदलते. सोय उत्तम, पण संध्याकाळी सहाला घरी निघालेला माणूस सलग चाळीस वेळा 'वाय' दाबू शकतो.

ठसा खोटा असण्याऐवजी खरा असून दोन वेगळ्या मजकुरांचा सारखाच निघाला तर? फेब्रुवारी २०१७ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमची सीडब्ल्यूआय ही संस्था आणि गूगल यांनी दोन वेगळ्या पीडीएफ जाहीर केल्या. दोन्ही ४,२२,४३५ बाइटच्या, दोन्हींचा एसएचए-१ एकच. सफारी ब्राउझरच्या पोटातलं इंजिन म्हणजे वेबकिट. तिथे या दोन फाइली चाचणीसाठीच रेपोत टाकल्या गेल्या. रेपो होता सबव्हर्जनवर. सबव्हर्जन जागा वाचवायला एका ठशाचा मजकूर एकदाच ठेवतं. दुसऱ्या फाइलचा ठसा ओळखीचा निघाला, तेव्हा कोठीनं पहिलीकडे बोट दाखवलं आणि विषय संपवला. पण फाइलसोबत एमडी५ हा दुसरा ठसाही नोंदलेला असतो. तो जुळेना. फाइल उतरवून घ्यायला जावं तर 'चेकसम मिसमॅच'. एक फाइल काढून टाकली तरी इतिहासातली गाठ सुटली नाही. तपासायचा होता ब्राउझर, तपासली गेली कोठी.

त्याच फाइली गिट किंवा मर्क्युरिअलमध्ये टाकल्या तर ठसे वेगवेगळे येतात. गिट मजकुराआधी प्रकार आणि लांबी लावतं, मर्क्युरिअल पालकांचे ठसे. तेवढ्यानं ती टक्कर मोडते. पण त्या पुढच्या अक्षरांचा हिशेब धरूनही कुणी नवी जोडी घडवू शकतोच. म्हणून त्याच वर्षीच्या २.१३ आवृत्तीपासून गिटनं असे घडवलेले मजकूर ओळखणारा एसएचए-१ वापरायला घेतला.

आणखी एक जागा, जिथे मी हमखास थांबतो. फाइलचं नाव बदललं की मर्क्युरिअल त्याची नोंद मजकुराच्या डोक्यावर लिहितं. नोंद सुरू झाल्याची खूण दोन बाइटची: किंमत १ असलेला बाइट आणि नवी ओळ. आता एखाद्याची फाइल मुळातच या दोन बाइटनी सुरू होत असेल तर? कोठी तिच्या आधी एक रिकामी नोंद लावते, म्हणजे वाचताना गोंधळ होत नाही. याला स्वतंत्र चाचणी आहे. अशी फाइल आयुष्यात कुणाकडे दिसेल की नाही, सांगता येत नाही. पण कोठीनं आत घेतलेलं तसंच्या तसं बाहेर द्यायचं असतं, आणि इथे साठवलेली लांबी आणि वाचलेली लांबी वेगवेगळी भरते. कुठल्या फंक्शननं कुठली लांबी सांगायची, यावर रिव्ह्यूमध्ये अर्धा दिवस सहज जातो.

एक प्रश्न उरला. खोट्या ठशाच्या दुसऱ्या आवृत्तीवर तिसरी रचली, तर तिसरी वाचताना तक्रार यावी का? पटकन 'हो' म्हणावंसं वाटतं. पण रेव्हलॉग साखळीतल्या मधल्या आवृत्त्यांचे ठसे तपासत नाही, शेवटी जुळून आलेल्या मजकुराचाच तपासतो. तिसरीचा मजकूर आणि ठसा जुळत असेल तर ती सुखरूप वाचली जाते.

आणि मर्क्युरिअलमध्ये अशी एक सोयही आहे, जिथे ठसा जुळत नाही हे सगळ्यांना माहीत असतं आणि मुद्दामच तसं केलेलं असतं. चुकून रेपोत गेलेला पासवर्ड इतिहासातून पुसायचा असेल तेव्हा ती लागते. तिचं नाव 'सेन्सॉर'. तिच्या चाचण्या पुढच्या आठवड्यात.