ऐकू येतं, पण शब्द लागत नाहीत!

मैत्रिणींनो, हळदीकुंकवाला कोपऱ्यात बसून नुसती हसणारी एखादी तुमच्याही ओळखीत असेल. ‘शिष्ट आहे’ म्हणून आपण मोकळ्या होतो. माझ्या धाकट्या जावेबद्दल मीही तेच म्हणत होते.

गेल्या चैत्रात मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी पंधरावीस जणी जमल्या होत्या. गप्पांचा नि भांड्यांचा नुसता कलकलाट! शेजारच्या काकू तिला म्हणाल्या, “सासूबाई अंथरुणाला खिळल्यात गं.” ही हसून म्हणाली, “वा, छान!” काकूंनी पन्ह्याचा पेला तसाच खाली ठेवला. रात्री मी तिला नको ते बोलले. ती रडत एवढंच म्हणाली, “जाऊबाई, आवाज येतो हो, शब्द लागत नाहीत.”

कान तपासले, ते उत्तम निघाले. मग श्रवणतज्ज्ञांनी निराळ्या चाचण्या घेतल्या. गोंगाटात शब्द ऐकवले, दोन्ही कानांत एकाच वेळी वेगवेगळे आकडे सांगितले. तेव्हा उलगडा झाला. कान आवाज नीट पोचवतात, पण त्याची उकल करणं मेंदूला जड जातं. हा बहिरेपणा नव्हे, मंदपणा तर नव्हेच.

‘तयार कान’ म्हणजे काय, हे अल्लादियाखाँसाहेबांच्या कोल्हापूरला सांगायला नको. ऐकून ऐकूनच तो तयार होतो. हिचा उपचारही सरावाचाच. आधी शांत खोलीत ‘वाटी-पाटी’, ‘दार-धार’ असे जवळचे शब्द ओळखायचे. मग मागे हळू रेडिओ लावायचा, पुढे थोडा मोठा. जादू झाली नाही, पण फरक पडला. सगळ्यांनाच सारखा गुण येतो असं मात्र नाही.

हेडफोनवर खास संगीत ऐकवून कान सुधारण्याची पद्धत फ्रान्सच्या डॉ. आल्फ्रेड तोमातिस यांनी विसाव्या शतकात काढली. असले उपचार महाग असतात नि त्यांचा गुण शास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरलेला नाही. तेव्हा आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ, मग श्रवणतज्ज्ञ. चाचणीचे शब्द मराठीत आहेत ना, हेही विचारा. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे, तिथंही चौकशी करता येईल. आणि एकाएकी एका कानानं ऐकू येईनासं झालं, तर एक दिवसही थांबू नका.

घरात एवढं करा:
- बोलताना मिक्सर, टीव्ही बंद ठेवा.
- नावानं हाक मारा, समोर येऊन बोला.
- एका वेळी एकच काम सांगा.
- कळलं नाही तर ओरडू नका, वेगळ्या शब्दांत सांगा.
- बाजाराची यादी लिहून द्या.

यंदाच्या चैत्रात मी तिला आतल्या शांत खोलीत बसवलं, समोर काकूंना. काकू सासूबाईंचं दुखणं सांगत होत्या. ही हसली नाही. तिनं काकूंचा हात हातात घेतला.