मागे राहिलेल्या बॅगा

मागच्या व्याख्यानानंतर एका श्रोत्यांनी विचारलं होतं, 'गरज' कशाला म्हणायचं? व्याख्या करायला गेलो तर तास संपेल, म्हणून आज एक उदाहरण घेतो.

जून २०२४. सुनीता विल्यम्स आणि बुच विल्मोर साधारण आठ दिवसांसाठी अंतराळ स्थानकावर निघाले होते. उड्डाणाला जेमतेम आठवडा असताना स्थानकावरचा एक पंप बिघडला. कसला पंप? तर लघवीपासून पिण्याचं पाणी करणाऱ्या यंत्रणेतला. नवा पंप सुमारे ७० किलोचा, आणि यानात जागा मोजकी. मग या दोघांच्या कपड्यांच्या बॅगा उतरवल्या आणि पंप चढवला.

हसू येतं, पण हिशेब बघा. तिथं माणशी रोज पावणेचार लिटरच्या आसपास पाणी लागतं. ते सगळं इथून वाहून नेणं कुणालाच परवडणारं नाही. म्हणून लघवी, घाम, श्वासातली वाफसुद्धा गोळा करून शुद्ध करतात. २०२३ मध्ये तर ९८ टक्के पाणी परत मिळवण्यापर्यंत मजल गेली. श्वासाला लागणारा प्राणवायूही बराचसा पाण्यातूनच काढतात. पंप बंद म्हणजे लघवी साठवत बसायचं आणि शिलकीतलं पाणी संपवत जायचं.

आणि कपडे? ते तिथं धुतच नाहीत, बरं का. मळेपर्यंत घालायचे, मग कचऱ्याबरोबर मालवाहू यानात भरायचे. ते यान परतताना वातावरणात जळून जातं. या दोघांनी राखीव साठ्यातले कपडे घालून दिवस काढले.

पुढे त्यांच्या यानातच दोष निघाले, ते रिकामंच परत आणलं, आणि आठ दिवसांचे २८६ दिवस झाले. ऑगस्टमधल्या मालवाहू यानातून त्यांचे कपडे पोहोचले. झोपायच्या खोल्या मात्र मोजून होत्या. खोली कसली, टेलिफोन बूथएवढा कप्पा! विल्मोर यांना काही काळ जपानी प्रयोगशाळेत झोपायची पिशवी लावावी लागली. झोपताना तोंडावर हवा खेळती लागते. वजनरहित अवस्थेत उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड चेहऱ्याभोवतीच साचून राहतो.

इथवर ऐकून वाटेल, की लिटर आणि किलोत मोजता येते तीच गरज. बॅगांच्या बाबतीत मलाही तो निर्णय बरोबरच वाटतो. पंप नऊ जणांचा होता, बॅगा दोघांच्या. पण याच सुनीता विल्यम्स २००६ मध्ये पहिल्यांदा गेल्या, तेव्हा त्यांच्या सामानात भगवद्गीता होती, गणपतीची छोटी मूर्ती होती आणि समोसेही होते. यांतल्या कशानेच पाणी शुद्ध होत नाही. तरी ग्रॅम-ग्रॅमचा हिशेब ठेवणाऱ्या लोकांनीच त्यांना जागा दिली. ती का दिली असेल? तुम्हाला काय वाटतं ते आधी ऐकतो, मग माझं सांगतो.